फुकटाचा सांबार



वसंत व्याख्यानमालेत देश, धर्म, वाङ्मय आणि विज्ञान यांवर बोलावे असा शिरस्ता आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही प्रथा घातली आणि पुढे ती गावोगाव पसरली. आमच्या या वऱ्हाडातही ती आली. मात्र तिच्या नावातला वसंत इथे आला तो पंखा आणि पाण्याचा तांब्या बरोबर घेऊनच. या मांडवात आज आम्ही सांबारावर बोलणार आहोत, हे कळताच व्यवस्थापकांपैकी एका गृहस्थांनी आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "विषय थोडा हलका नाही का होत?" आम्ही म्हणालो, "होतो. पावभराचाच विषय आहे. पण आजच्या दिवसांत तो पावभर विकत घेऊन पाहा, म्हणजे किती जड आहे ते कळेल."

श्रोत्यांत कोणी देशावरचे पाहुणे असतील तर त्यांच्यासाठी एक खुलासा आधीच करतो. सांबार म्हणजे इडलीबरोबर येते ती आमटी नव्हे. आपण जिला कोथिंबीर म्हणता, ती आमच्याकडे सांबार. आम्ही शिक्षणासाठी प्रथम पुण्यास गेलो तेव्हा खाणावळीत जेवताना वाढप्याला म्हणालो, "भाजीवर थोडा सांबार टाका." त्या भल्या माणसाने वांग्याच्या भाजीवर डाव भरून डाळीचे पाणी ओतले. आमचे जेवण बिघडले, पण एक गोष्ट ध्यानात आली. पुण्याला कोथिंबिरीची जुडी मिळते, मोजून घ्यायची असते. आमच्याकडे सांबार तागडीत तोलून मिळतो आणि पुष्कळदा तोलूनही मिळत नाही. वांगी घेतली, मिरची घेतली, पैसे दिले, की पिशवीचे तोंड उघडे ठेवून आपण म्हणतो, "बाई, वरून थोडा सांबार टाका की." बाई टाकते. न टाकून सांगेल कुणाला?

या वरून टाकलेल्या सांबाराचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो. तो हिशेब आज आपल्यासमोर मांडावा, एवढाच आमचा हेतू आहे.

ज्याला आपण फुकटाचे समजतो त्याचे कूळ किती जुने आहे, हे प्रथम पाहू. पाणिनीने 'कुस्तुंबुरू' या शब्दातला सकार कुठून आला हे सांगण्यासाठी अष्टाध्यायीत एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे. आपली कोथिंबीर, कानडीतली कोत्तंबरी, तमिळमधली कोत्तमल्ली ही सगळी त्याच घराण्यातली नावे. इजिप्तमध्ये तुतनखामेन राजाची कबर १९२२ साली उघडली, तेव्हा राजाबरोबर ठेवलेल्या वस्तूंत धनेही निघाले. राजाला परलोकात सोन्याबरोबर धनेही लागतील, असे त्या लोकांना वाटले होते.

पूर्वेकडे गेलो तर थायलंडातल्या स्वयंपाकघरात हा सांबार मुळासकट वापरतात. पाने वरून पेरायला, काड्या रश्श्यात आणि मुळे खलबत्त्यात. सांबाराचे मूळ, लसूण आणि मिरे एकत्र कुटून जे वाटण होते, ते तिथल्या स्वयंपाकाचा पाया आहे. व्हिएतनाममध्ये शेवयांच्या गरम रश्श्यावर ओला सांबार पडल्याशिवाय वाटी पुढे येत नाही. आपण मात्र बाजारातून मुळासकट सांबार आणतो आणि पहिली गोष्ट म्हणजे मुळे कापून उकिरड्यावर टाकतो. गृहिणींना आमची विनंती आहे, की ती मुळे चार पाण्यांनी धुऊन एकदा मिरचीच्या ठेच्यात घालून पाहावीत. मुळाचा वास पानापेक्षा खोल असतो आणि शिजवल्यावर तो पानाच्या वासासारखा चटकन उडूनही जात नाही.

वासावरून आठवले. पुष्कळ घरांत एखादा माणूस असा निघतोच, की ज्याला सांबाराला साबणाचा किंवा ढेकणाचा वास येतो. त्याला आपण हट्टी समजतो. तो हट्टी नसतो. ओल्या पानातल्या वासाची काही द्रव्ये साबणात आणि ढेकणांच्या कुळातील किड्यांतही सापडतात. काही माणसांना तो वास जन्मतःच तीव्र लागतो आणि त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी आहे, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तेव्हा अशा माणसाच्या पानात बळेच सांबारवडी वाढू नये. ती आमच्याकडे पाठवावी.

आता शेताकडे वळू. आम्ही मास्तरकी करून निवृत्त झालो आणि वडिलांच्या वावरात विहिरीजवळ पाच गुंठे जागा भाजीला राखली. पहिल्याच वर्षी मनात आले, की मे महिन्यात सांबार महाग असतो, तर आपण एप्रिलात पेरावा. सोपे गणित. वाण्याकडून धने आणले, वाफ्यात फेकले, माती ओढली, दुपारी निवांत वेळ मिळतो म्हणून दुपारी पाणी दिले. पंधरा दिवसांनी वाफ्यात इथे चार, तिथे सहा अशी रोपे दिसू लागली. महिना होत नाही तो त्यांतून बारीक दोरीसारखे दांडे वर आले, पाने शेपूसारखी चिरली गेली आणि पांढरी फुले लागली. भाजी म्हणून विकायला त्यात काही उरले नव्हते. पाणी गेले, बियाणे गेले आणि शेजारच्या धुऱ्यावर चार माणसे हसून गेली ते वेगळेच.

अंजनगावाकडच्या पानमळ्यांत आयुष्य काढलेली एक वृद्ध बाई आमच्या गावी लेकीकडे राहायला आली होती. ती वाफा पाहून म्हणाली, "भाऊ, धने सगळेच पेरले काय?" आम्ही होय म्हणालो. "आन् सावली?" सावली कसली, आम्ही विचारले. तेव्हा ती म्हणाली, "लेकराले भर उन्हात निजवलं तं ते रडल नाही तं काय करन?"

पुढे आम्ही पुस्तके पाहिली, शेतीच्या जाणकारांना विचारले. तेव्हा कळले, की म्हातारीच्या दोन प्रश्नांत उन्हाळी सांबाराचे निम्मे शास्त्र होते.

पहिला प्रश्न धन्यांचा. ज्याला आपण धन्याचे बी म्हणतो ते खरे पाहता फळ आहे. त्याच्या पोटात दोन दळे असतात आणि प्रत्येक दळात एकेक बी. सगळा धना पेरला तर कवच कठीण, ओल आत जायला वेळ लागतो आणि उगवलेच तर दोन रोपे एकमेकांच्या उरावर बसतात. म्हणून धने जमिनीवर पसरून चपलेने किंवा लाकडाच्या फळीने हलकेच रगडायचे. पीठ करायचे नाही, दोन दळे सुटी झाली की पुरे. मग रात्रभर पाण्यात भिजत घालून, सकाळी सावलीत कोरडे करून पेरायचे. वाण्याचे धने स्वयंपाकासाठी असतात, ते किती जुने आहेत हे वाण्यालाही ठाऊक नसते. बियाणे म्हणून राखलेलेच धने घ्यावेत. पाल्यासाठी हेक्टरी साठ ते ऐंशी किलो धने लागतात. आमच्या पाच गुंठ्यांना तीन ते चार किलो पुरतात.

दुसरा प्रश्न सावलीचा. सांबार हे मुळात थंडीचे पीक. वीस-पंचवीस अंशांच्या उबेत ते आठ-दहा दिवसांत उगवते. माती तिसाच्या वर तापली की उगवण मंदावते आणि अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसापलीकडे जातो, हे अकोलेकरांना सांगायला नको. त्यात दुसरी अडचण दिवसाच्या लांबीची. दिवस मोठा झाला, की या झाडाला वाटते आपला काळ संपत आला, आता बी धरावे. ऊन आणि लांब दिवस दोन्ही मिळून त्याला फुलावर ढकलतात. दिवस लहान करणे आपल्या हाती नाही. ऊन कमी करणे मात्र आहे.

आणि इथे वऱ्हाडाने बाहेर कुठे शिकायला जाण्याचे कारण नाही. अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या विड्याच्या पानांचे मळे आणि पानपिंपरी सांभाळली आहे. या दोन्ही वेली ओलाव्याच्या आणि सावलीच्या. बाहेर जमीन तडकत असताना आत गारवा ठेवायचा, वाऱ्याला आडोसा करायचा, थोडे पाणी पण वरचेवर द्यायचे, ही विद्या त्या मळ्यांत होती. आज पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बाजारात मिळते आणि ती चांगलीच आहे. पण आमच्या म्हातारीने जाळी विकत आणू दिली नाही. तिने तुऱ्हाट्या आणि पऱ्हाट्या गोळा करायला लावल्या, चार बांबूंवर कमरेच्या वर विरळ मांडव घातला, पश्चिमेकडून झळ येते म्हणून त्या बाजूला जुने बारदान बांधले आणि पाणी दुपारी बंद करून सांजेला सुरू केले. पेरल्यावर वाफ्यावर गवताचा पातळ थर दिला आणि कोंब दिसताच तो काढला.

सावलीची हीच गोष्ट सांबाराच्या एका दूरच्या नातलगाच्या बाबतीत दिसते. आग्नेय आशियात लांब, कातरलेल्या काठाच्या पानांची एक वनस्पती सांबारासारखीच वापरतात. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. आपल्या ईशान्येकडील राज्यांतही ती घरोघरी आहे. तिला उकाडा सोसतो म्हणून ती वऱ्हाडात लावावी, असे आम्हांला एकाने सुचवले. पण तिचा उकाडा ओला आणि आमचा कोरडा. तिलाही सावली आणि सतत ओल लागतेच. तेव्हा सावली करायचीच असेल, तर ती आपल्या सांबारासाठी का करू नये?

त्या वर्षीचा आमचा दुसरा वाफा साधला. फार उंच वाढला नाही. उन्हाळी सांबार वाढत नसतो, तो वीतभर झाला की तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी काढून घ्यावा, दांड्याची वाट पाहू नये. उत्पन्नही हिवाळ्याच्या मानाने कमीच येते. पण तो हिरवा होता आणि त्या आठवड्यात गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

असे असेल तर सगळ्यांनीच उन्हाळ्यात सांबार का लावू नये? याचे उत्तर पाणी. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तिथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारे. असे पाणी दिले, तर सांबाराच्या पानांच्या कडा करपतात आणि पुढे जमीनही घट्ट होऊन बसते. तिथल्या कास्तकाराला पावसाचे पाणी शेततळ्यात साठवूनच भाजी करावी लागते आणि मे महिन्यापर्यंत ते तळे पुरेल, याची खात्री कोण देणार? पावसाळ्यात दुसरी तऱ्हा. आमची काळी कसदार माती पाणी धरून ठेवते, मुळे कुजतात, रोपे एका रात्रीत माना टाकतात. पावसाळ्यात वाफा सपाट नको, गादीसारखा उंच हवा आणि बाजूने पाणी निघायला वाट हवी. म्हणून मे ते ऑगस्ट सांबार महाग, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी इतका स्वस्त, की हर्रासात बोली लागेना म्हणून कास्तकार उभ्या पिकात जनावरे सोडतो. हे दोन्ही प्रकार आम्ही पाहिले आहेत. पहिल्याची बातमी वर्तमानपत्रात येते. दुसऱ्याची क्वचित.

आता आमच्या हिशेबाचा मुख्य भाग. वऱ्हाड म्हणजे कापूस, हे समीकरण अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६०च्या पुढच्या दशकात पक्के झाले. परदेशच्या गिरण्यांना कापूस हवा होता. त्याच दशकात आगगाडीही आली. चांगली जमीन कापसाला गेली. सांबार, मेथी, वांगी यांना विहिरीच्या दांडाजवळची नाहीतर न्हाणीच्या सांडपाण्यावरची जागा उरली. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो. तो येण्याआधीच बियाण्याचे, खताचे, औषधाचे आणि सावकाराचे नाव त्याच्यावर लिहिलेले असते. पाऊस चुकला, बोंडअळी आली, भाव पडला, की त्या एकाच गाठोड्यावर बांधलेले सगळे घर बसते. वऱ्हाडात अशी किती घरे बसली, हे या मांडवात कुणाला सांगायची गरज नाही. आपल्यापैकी काहींच्या नात्यातलीच ती असतील.

सांबार कर्ज फेडील असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणारा माणूस शेतकऱ्याची थट्टा करतो. पण म्हातारीने आम्हांला आणखी एक गोष्ट दाखवली. सबंध पाच गुंठे एकदम पेरू नका, त्याचे पाच वाफे करा आणि दर आठ दिवसांनी एक पेरा. पाचवा वाफा पेरून आठ दिवस झाले, की चाळीस दिवस भरतात, पहिला काढणीला येतो आणि तोच पुन्हा पेरायला मोकळा होतो. हिवाळ्यात तर दोन बोटे बुडखा ठेवून कापला, तर फुटवा येऊन आणखी एक कापणी मिळते. असे केले म्हणजे एका दिवसाच्या भावावर सगळे पीक सापडत नाही आणि दर आठवड्याला घरात थोडा पैसा येतो. तो पैसा बहुधा बाईच्या हातात असतो, कारण निंदणे तिचे, कापणे तिचे, ओल्या फडक्यात गुंडाळून पहाटेच्या गाडीने बाजारात नेणेही तिचेच. कापसाचा पैसा सावकाराकडे जातो. सांबाराचा पैसा पदराच्या गाठीत जातो आणि तिथून तेल, मीठ, वह्या आणि डॉक्टरची फी यांकडे जातो. म्हातारी म्हणाली, "आमच्या घरी कापसानं लग्न केलं, पन चूल सांबारानं पेटवली."

एक सावधगिरी इथेच सांगतो. सांबाराचा वाफा कपाशीच्या वाऱ्याखाली ठेवू नये. कपाशीवर फवारलेले औषध वाऱ्याने कुठवर जाते, याचा आपल्याला अंदाज नसतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या औषधाने फवारणारा मरतो, ते चाळीस दिवसांत कच्चे खायच्या पानावर पडू देणे बरे नव्हे. मावा पडला तर दाट रोपे विरळ करावीत, रोगट रोपे उपटून टाकावीत, थोडे नुकसान सोसावे. सांबार हे सोसून घेण्याइतके लहान पीक आहे.

शहरातल्या श्रोत्यांनी म्हणावे, आमच्याकडे वावर कुठे आहे? वीतभर खोल लाकडी खोके, तळाला भोके, निम्मी माती आणि निम्मे कुजलेले शेणखत, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली एवढे मिळाले, की गॅलरीतही सांबार होतो. रोपे मात्र एका जागेवरून दुसरीकडे लावू नयेत. त्याचे मूळ सरळ खाली जाते, ते दुखावले की झाड रुसते. जिथे पेरले तिथेच वाढू द्यावे.

डॉ. पंजाबराव देशमुख याच मातीतले. देशाचे कृषिमंत्री म्हणून त्यांनी १९५२ ते १९६२ दिल्लीत काम केले. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ साली अकोल्यात उभे राहिले. तिथे कापसावर, तुरीवर, संत्र्यावर संशोधन होते आणि ते झालेच पाहिजे. आमचे मागणे इतकेच, की पानमळ्यातल्या म्हाताऱ्या माणसांना जे सावलीचे आणि पाण्याचे ज्ञान आहे, ते त्यांच्याबरोबर जाण्यापूर्वी कुणीतरी बसून लिहून घ्यावे. आमची म्हातारी गेल्या कार्तिकात गेली. तिने सांगितलेले निम्मे आम्ही वहीत टिपले, उरलेले निम्मे उद्या विचारू म्हणून राहून गेले.

शेवटची एक विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. उद्या सकाळी अमरावतीच्या इतवाऱ्यात किंवा अकोल्याच्या जनता भाजी बाजारात आपण जाल. वांगी तोलून होतील, मिरची तोलून होईल आणि सवयीने हात पिशवीचे तोंड उघडील. त्या वेळी "वरून टाका" म्हणू नये. "सांबार कसा दिला?" असे विचारावे आणि जो भाव असेल तो द्यावा. भाव जास्त वाटला तर छटाकभरच घ्यावा. पण तो तोलून घ्यावा.